फायबरचं शेड काढून पफ पॅनल आणि डबल काच : सव्वा वर्ष वापरल्यावर

"ताई, हा दोरा पोपटी आहे."

गिऱ्हाईक बाईंनी पैठणीवरचा ब्लाऊज गच्चीतल्या उन्हात धरला आणि मला दाखवला. साडी मोरपंखी, कापड मोरपंखी आणि बाहीच्या काठाला तुरपाई चक्क पोपटी. त्याच सकाळी खोलीत मी स्वतः रिळ कापडावर ठेवून पाहिलं होतं, तेव्हा दोन्ही एकच दिसत होते. घाबरून डोळे तपासून आले. चष्म्याचा नंबर तोच निघाला. दोष डोक्यावरच्या हिरव्या फायबरचा होता.

धुळ्यात देवपूरला आमचं दुमजली घर आहे. २००८ साली गच्चीच्या नैऋत्य कोपऱ्यात आम्ही अठरा बाय बारा फुटांचं शेड केलं. लोखंडी अँगल, वर हिरवे फायबरचे पत्रे, दक्षिणेला आणि पश्चिमेला अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, त्यांना निळी आरशासारखी काच. त्या काळी ते फार भारी वाटायचं. लोक जिना चढून बघायला यायचे. त्यात माझा शिवणवर्ग चालतो. सहा मशिनी, एक ओव्हरलॉक, कटिंगचं टेबल, इस्त्री आणि दोन पाळ्यांत मिळून पंधरा मुली.

फायबर किती लवकर म्हातारं होतं ते वापरल्याशिवाय कळत नाही. वरचा चकचकीत थर उन्हानं जातो, मग आतले काचेचे तंतू उघडे पडतात. पत्र्यावरून हात फिरवला की कूस टोचते. वारा सुटला की तीच कूस खाली कपड्यांवर. एका नवरीकडून तक्रार आली, ब्लाऊज घातला की खाज सुटते. मी तोंडानं जरीवर ढकललं, पण तो ब्लाऊज दोनदा झटकून, धुऊन दिला तेव्हा खाज गेली. जरी तर तीच होती.

आणि ऊन. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, त्यांना कशाचंही माप घ्यायची सवय. मे २०२३ मध्ये त्यांनी शेडमध्ये थर्मामीटर टांगला. बाहेर सावलीत ४२, आत दुपारी तीनला ४७. मशिनचं डोकं हाताला चटका द्यायचं. मुलींना मी एप्रिलपासून फक्त सकाळची पाळी ठेवायचे, म्हणजे नेमक्या लग्नसराईत निम्मं काम बंद. सासूबाई साक्री तालुक्यातल्या, त्यांची अहिराणी अजून तशीच आहे. जिना चढून आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "हाई घर शे का भट्टी शे?" तशाच मागे फिरल्या. हिवाळ्यात उलट. धुळ्याची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. कृषी महाविद्यालयात पाच-सहा अंशांची नोंद झाल्याची बातमी आली की आमच्या शेडमध्ये सकाळी कात्री हातात धरवत नसे. पावसाळ्यात फायबरवर सर आली की मी काय बोलते ते पहिल्या मशिनवरच्या मुलीलाही ऐकू जात नसे.

म्हणजे वर्षातले जेमतेम चार महिने खोली कामाची. तरी पंधरा वर्षं काढली. शेड म्हटलं की असंच असतं, अशी आपली समजूत.

ती समजूत मोडली माझ्या मुलीमुळे. ती इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. त्यांनी घर घेतलं तेव्हा मागे बागेकडे काचेची खोली जोडलेली होती, तिकडे तिला कॉन्झर्व्हेटरी म्हणतात. नव्वदच्या दशकातली, वर पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे उजेड येऊ देणाऱ्या कडक प्लास्टिकचं छप्पर. जानेवारीत व्हिडिओ कॉलवर ही त्या खोलीत दोन स्वेटर आणि शाल गुंडाळून बसलेली, आणि जूनमध्ये तिथेच घामाघूम. मी म्हटलं, अगं, हे तर आपलंच शेड! तिकडे थंडीला घाबरतात, आपण उन्हाला, पण रोग एकच. डोक्यावर पातळ पत्रा. तिनं ते छप्पर काढून आत जाड इन्सुलेशन भरलेलं, वर हलक्या कौलांचं पक्कं छप्पर केलं, त्यात उजेडाला दोन काचेच्या झडपा ठेवल्या. त्यासाठी तिथल्या बांधकाम खात्याची मंजुरी लागली, तपासनीस येऊन बघून गेला. आता ती तिथे बारा महिने बसून ऑफिसचं काम करते. झडपांतून पडलेला उजेड तिनं मला कॅमेऱ्यातून दाखवला आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. मलाही छताला काच हवी.

तीन फॅब्रिकेटर बोलावले. पहिला म्हणाला, फायबर काढून पॉलिकार्बोनेट टाकू, "एकदम लाईट येईल ताई". दुसऱ्यानं पत्र्याखाली पीओपीचं सीलिंग सुचवलं. ते स्वस्त होतं आणि मी जवळजवळ हो म्हटलं होतं. तिसरा माझं सगळं ऐकून घेतल्यावर नाही म्हणाला. तेही तीनदा.

या तिसऱ्याकडूनच काम करून घेतलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल तक्रारीही आहेत आणि माणूस गावातला आहे. मला लिहायचंय ते वस्तू कशी निघाली आणि काम कसं झालं याबद्दल.

त्याचं पहिलं नाही छताच्या काचेला. म्हणाला, ताई, तुमच्या मुलीच्या गावी सूर्य तिरपा येतो. आपलं धुळं एकवीस अंशांवर, मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या दिवशी तुमच्या दक्षिणेच्या खिडकीतून काही येत नाही, सगळं येतं ते छतावर. तिथं काच लावली तर मी पैसे घेईन आणि तुम्ही मला शिव्या द्याल. दुसरं नाही पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला. ती मला हवी होती, कारण तिकडून संध्याकाळी छान वाटतं. दुपारी तीन ते सहा ऊन तिथून आडवं आत शिरतं, छज्जा काढूनही अडत नाही, असं त्याचं म्हणणं. बारा फुटांच्या पश्चिम भिंतीत त्यानं मला तीन बाय चारची एक खिडकी दिली, बाकी भिंत. मी दोन दिवस नाराज होते. तिसरं नाही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्याला. मुलगी माहेरी येते तेव्हा झोका टांगायला छतात एक कडी द्या म्हटलं, तर म्हणाला छताचं पफ पॅनल म्हणजे पत्र्यांचं सँडविच आहे, त्याला पंखासुद्धा टांगत नाहीत. पंख्याचा हूक पॅनलखालच्या आडव्या लोखंडी पर्लिनला दिला. झोका आता खाली आंब्याला.

या "नाही"चे पैसे बिलात नसतात, म्हणून इथे लिहिले.

आता छप्पर. पफ पॅनल म्हणजे रंगवलेल्या स्टीलच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये भरलेला कडक फोम. कोल्ड स्टोरेजच्या भिंती याच वस्तूच्या असतात. आपल्या खानदेशात केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरलाही हेच पॅनल लावतात, म्हणजे वस्तू काही परकी नाही. तीस, चाळीस, पन्नास, साठ मिलिमीटर अशा जाडीत मिळतं. मी पन्नास घेतलं. त्यानं नमुन्याचा फूटभर तुकडा आणला होता, तो कठड्यावर उन्हात ठेवला आणि आम्ही चहा घेतला. चहा झाल्यावर म्हणाला, वरून हात लावा. लावला, लगेच काढला. आता खालून लावा. खाली तळहात खुशाल टेकवून ठेवता येत होता. जाडी साधारण दोन इंच. उष्णता अडवण्यात हा फोम तेवढ्याच जाडीच्या थर्माकोलच्या साधारण दीडपट भरतो. वजनाला हलका, एक चौरस मीटर पॅनल दहा-अकरा किलोच्या आसपास, त्यामुळे जुन्या स्लॅबची चिंता नव्हती. वरचा पत्रा पांढरट घ्या. मला विटकरी आवडला होता, पण गडद रंग ऊन पितो.

पॅनल एकमेकांत खाचेत बसतात. ते बसवणं दीड दिवसाचं काम निघालं, मला वाटलं होतं आठवडा जाईल. वेळ गेला तो लोखंडी सांगाड्यात आणि भिंतीत. भिंतींना त्यानं हलके सिमेंटचे ब्लॉक वापरले, अडीच फुटांपर्यंत भिंत आणि वर खिडकी.

दक्षिणेचा छज्जा बघण्यासारखा आहे. छत बाहेर दोन फूट काढलं, खिडकीचा माथा त्याच्या फूटभर खाली. डिसेंबरात दुपारी सूर्य साधारण पंचेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे दोन फुटांच्या छज्ज्याची सावली दोनच फूट खाली येते आणि खिडकीच्या खालच्या तीन फुटांतून ऊन आत येतं. मार्चमध्ये सूर्य वर चढला की तीच सावली पाच फुटांवर जाते आणि दुपारची खिडकी पूर्ण झाकते. त्यानं हे वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढून दाखवलं तेव्हा मी मान डोलावली, विश्वास ठेवला नाही. मग २२ डिसेंबरला दुपारी बारा-साडेबाराला ऊन माझ्या कटिंगच्या टेबलाच्या मागच्या पायापर्यंत, चौथ्या फरशीवर आलेलं होतं. खडूनं रेघ मारली. होळीच्या सुमारास बघितलं तर ऊन खिडकीच्या बाहेर. रेघ अजून आहे, मुलींना पुसू देत नाही.

काचेबद्दल माझी अट एकच होती : रंग बदलता कामा नये. बाकी लोक काच घेताना घराला शोभेल का बघतात. मी पर्समध्ये पाच रिळं घालून त्याच्या दुकानात गेले. पांढरं, मोरपंखी, राणी, मरून आणि तो कुणालाच नीट न जमणारा रामा कलर. प्रत्येक नमुन्याच्या काचेमागे रिळं धरून बघितली. हिरवी टिंटेड काच बाद, निळी बाद, ब्रॉन्झमध्ये पांढरा दोरा चहात बुडवल्यासारखा. शेवटी राहिली ती जवळजवळ बिनरंगी, जिच्यावर डोळ्यांना न दिसणारा धातूचा पातळ थर असतो, लो-ई म्हणतात ती. दुकानातला पोऱ्या हसत होता. हसू दे.

डबल काच म्हणजे सहा मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये बारा मिलिमीटरची बंद पोकळी. कडेच्या पट्टीत ओल शोषून घेणारे दाणे असतात, म्हणून आत धुकं धरत नाही. पुढे कधी आत धुकं दिसलंच तर समजायचं, कडेचं सील गेलं आणि ती काच बदलायची. दुरुस्ती नसते. वजन भारी, चौरस मीटरला तीस किलो, म्हणून चौकट चांगली लागते. आमची यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची आहे, पोटात स्टीलची पट्टी घातलेली. ही पट्टी घातली आहे का हे बसवण्याआधी चौकटीच्या कापलेल्या तोंडातून बघून घ्या. बसवल्यावर कळत नाही आणि काही जण ती गाळतात.

त्या धातूच्या थराची बाजू महत्त्वाची. आपल्यासारख्या उन्हाच्या गावी तो थर बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा, म्हणजे उष्णता बाहेरच्या बाहेर परतते. बसला कुठे हे कसं ओळखायचं, ते या फॅब्रिकेटरनंच मला शिकवलं. रात्री काचेजवळ काडी पेटवून धरायची. दोन काचा, प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणून ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असतं, गुलाबीसर. तोच थर. आपण खोलीत उभं राहून मोजलं तर ते तिसरं आलं पाहिजे.

हे शिकवून त्यानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

झालं असं. खिडक्यांची मापं त्याच्या माणसानं गिलावा व्हायच्या आधी घेतली. गिलाव्यानं दोन्ही बाजूंनी जागा खाल्ली आणि दक्षिणेची मधली काच अकरा मिलिमीटर जास्त निघाली. मी म्हटलं, घासा थोडी. तर ती टफन काच. भट्टीतून निघाल्यावर तिला कापता, घासता, भोक पाडता येत नाही, एका कोपऱ्यात हात लावला की सगळीचा खडीसाखरेसारखा चुरा. नवी येईपर्यंत सतरा दिवस. मार्चचे सतरा दिवस, खिडकीला प्लायवूड आणि त्यावर साडीचं जुनं पार्सलचं प्लास्टिक, आणि बाहेर धुळ्याचा फुफाटा. पांढऱ्या अस्तराचे दोन तागे धुवावे लागले. चूक त्यानं मान्य केली, नव्या काचेचे पैसे मागितले नाहीत, पण सतरा दिवसांत फोन मीच केले. तो "आजच निघाली ताई" म्हणायचा. किती "आज" झाले ते मी मोजले नाहीत.

काच आली, बसवली, माणसं गेली. रात्री आठला मी काडी पेटवली. बाकीच्या सगळ्या खिडक्यांत तिसरी ज्योत गुलाबी. या नव्या काचेत दुसरी. पुन्हा पेटवली, यांना बोलावलं, यांनीही मोजली. काच उलटी बसवलेली. दुसऱ्या दिवशी फोन केला तर पलीकडे आधी शांतता, मग म्हणाला, "ताई, काडी लावून बघितली का?" बघितली म्हटलं. दुपारी स्वतः आला, काच धरून ठेवणारी पट्टी, बिडिंग, काढली, काच फिरवली, चाळीस मिनिटांत परत बसवली. उलटी राहिली असती तरी खोली चालली असती, थोडं ऊन जास्त आत घेतलं असतं, एवढंच. पण पैसे मोजलेत तर वस्तू सुलटी हवी.

छप्पर गळलं का, हा प्रश्न मला सगळे विचारतात. गळलं, एकदा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात, जिथे नवं छत जिन्याच्या जुन्या भिंतीला टेकतं तिथे. पॅनल नव्हतं गळत. भिंतीशी लावलेली पत्र्याची पट्टी, फ्लॅशिंग, नुसती सिलिकॉननं चिकटवली होती. भिंतीत खाच पाडून तिचं तोंड आत घालायला हवं होतं. शिवाय दोन स्क्रू पॅनलच्या उंचवट्यावर मारायचे ते खोलगट भागात मारलेले, तिथे पाणी साचतं. दोन्ही दुरुस्त करून दिलं, ब्यूटिलची चिकटपट्टी लावली, त्यानंतर थेंब नाही. यंदा मेमध्येच पावसानं गाठलं, तेव्हाही कोरडं. वाऱ्याची मला जास्त भीती होती. साक्रीकडे डोंगरावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या, आषाढातला वारा आमच्या गच्चीवर तिरपा येतो आणि हलकं छत म्हणजे पतंगच. याबाबतीत मात्र त्यानं कंजुषी केली नाही. स्क्रू जवळजवळ, सांगाडा स्लॅबमध्ये बोल्टनं बांधलेला. छत हूं की चूं करत नाही. पावसाचा आवाज येतो, पण आता टपटप येतो, ढोल वाजत नाही.

एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. ग्राइंडरनं पॅनल कापताना लोखंडाचा बारीक किस उडतो. तो त्याच दिवशी झाडून काढायचा. फॅब्रिकेटरच्या पोरांनी काढला नाही. पहिल्या पावसानंतर पांढऱ्या पत्र्यावर शेकडो तपकिरी ठिपके, घरावर गोवर उठल्यासारखे. पुसून काही गेले, काही राहिले. खालून दिसत नाहीत, पण शेजारच्या तिसऱ्या मजल्यावरून दिसतात आणि शेजारीण सांगायला विसरत नाही.

आता आकडे, यांच्या थर्मामीटरचे. मे २०२४, बाहेर सावलीत ४३, आत पंखा लावून, मुली नसताना, दुपारी तीनला ३६. छत्तीस म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे, पण सत्तेचाळीस आणि छत्तीसमध्ये माणूस काम करतो की निजतो एवढा फरक आहे. उत्तरेच्या खिडकीत कूलर लावला की एकतीस-बत्तीस. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, ती पश्चिमेची छोटी खिडकी चार बोटं उघडून देते. पावसाळ्यात कूलर नुसता दमटपणा वाढवतो, तेव्हा बंद. एसी अजून घेतला नाही. डिसेंबरात पहाटे बाहेर ८ आणि आत १६, आणि दहा वाजता ऊन आलं की हीटरची आठवणही नाही.

पण बंद खोलीची खोड कळायला मला महिना लागला. हे छत थर्माससारखं आहे, आत गरम भरलं तर गरमच ठेवतं. आठ मुली, सहा मशिनींच्या मोटारी आणि वाफेची इस्त्री दोन तास चालली की बाहेरचं ऊन आत न येताही खोली तापते. फायबरच्या शेडला फटी होत्या, त्यातून वारा जायचा यायचा. इथे फट नाही. मग उत्तर भिंतीत वर एक्झॉस्ट बसवून घेतला, तो मूळ कामात नव्हता. तो पहिल्याच दिवशी सुचवायला हवा होता, खोलीत इस्त्री आहे हे त्याला दिसत होतं. उन्हाळ्यात रात्री आठनंतर खिडक्या सताड उघडायच्या, सकाळी नऊला बंद करून घ्यायच्या. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांतली रीत हीच होती, आजी दुपारी दारं लोटून घ्यायची.

इस्त्रीवरून दुसरी गोष्ट. पफचा फोम जळतो. विकणारे "फायर रिटार्डंट आहे" म्हणतात, त्याचा अर्थ जळत नाही असा नाही, आग पकडायला आणि पसरायला जास्त वेळ घेतो, इतकाच. न जळणारं पॅनल हवं तर रॉकवूलचं, म्हणजे दगडाच्या तंतूंचं येतं, ते जड आणि तेवढ्या जाडीत उष्णता अडवायला बरंच कमी. माझ्या खोलीत चिंध्या, अस्तरं, इस्त्री सगळं आहे. मी पफच ठेवलं, पण इस्त्रीचं टेबल ब्लॉकच्या भिंतीशी नेलं, पॅनलच्या उघड्या कडा पत्र्यानं बंद करून घेतल्या, वायर पाइपातून नेली आणि दाराशी आग विझवायचा लाल सिलिंडर टांगला. स्वयंपाकघरावर हे छत घालणार असाल तर रॉकवूलचा भाव आधी विचारा.

खर्च. खिडक्या सगळ्यात महाग, शंभर चौरस फुटांचे पंचाण्णव हजार. पॅनल अडीचशे चौरस फूट, लावण्यासकट साडेसत्तेचाळीस हजार. सांगाडा, भिंती, गिलावा, पन्हळ, लाईट धरून आणि जीएसटीचं पक्कं बिल घेऊन एकूण २ लाख ७१ हजार. जुनं लोखंड भंगारात गेलं त्याचे अकरा हजार आले. पॉलिकार्बोनेटवाल्यानं सगळं मिळून नव्वद हजारांत सांगितलं होतं. पैसे कमी असतील तर माझं मत, छत पन्नास मिलिमीटरचंच करा आणि उत्तरेच्या खिडकीला साधी काच लावा. तिकडून ऊन फारसं येत नाही, उजेड मात्र दिवसभर एकसारखा येतो. मी स्वतः दोरा जुळवायला आता त्याच खिडकीशी जाते. दक्षिण-पश्चिमेला डबल काच हवीच.

यंदा लग्नसराईत दोन्ही पाळ्या चालल्या. एप्रिल-मेचे दुपारचे ब्लाऊज पहिल्यांदा माझ्या वहीत दिसतात. दोऱ्याची तक्रार एक आली, ती खरंच माझी चूक होती, संध्याकाळी ट्यूबखाली जुळवला होता. सासूबाई दुपारी वर येऊन खिडकीशी हुक-आई लावत बसतात. परवा म्हणाल्या, "आते बसाले बरं वाटस." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

तारे द्यायचेच तर छताला पाचपैकी पाच, काचेला साडेचार, माणसाच्या अकलेला पाच, त्याच्या पोरांच्या हाताला तीन आणि "आजच निघाली ताई"ला एक. पुन्हा काम निघालं तर त्यालाच बोलावीन, फक्त माप गिलाव्यानंतर आणि झाडू मी हातात घेऊन.

गंजाच्या ठिपक्यांवर रंगाचा हात मारून देतो असं तो दिवाळीत म्हणाला होता. त्यासाठी आपली अ‍ॅल्युमिनियमची शिडी आमच्या गच्चीवर ठेवून गेला, "लगेच येतो, कशाला ने-आण". शिडी अजून इथेच आहे. एप्रिलमध्ये सासूबाईंनी ती आडवी घातली, वर जुनं लुगडं अंथरलं आणि बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले. बिबडे छान वाळले, डबाभर त्याच्यासाठी काढून ठेवलेत.